अंगठ्याच्या मापाची फुली

३ मार्च, मंगळवार

आज माझा व्हिडिओ गेमचा कंट्रोलर गेला. गेला म्हणजे घरातून नाही, कामातून. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने एवढ्यावरून दैनंदिनी सुरू करावी हे हास्यास्पद आहे, पण हे दुःख बोलून दाखवायला मला दुसरं कोणी नाही. होती ती एक, माझी बायको, आणि या प्रकरणात नेमकी तीच विरुद्ध पक्षात आहे.

आमच्या घरात मतभेद मिटवायची एक पद्धत आहे. लग्न झालं त्या वर्षी भिंतींच्या रंगावरून आम्ही अबोला धरला होता. शेवटी कंटाळून दोघं टीव्हीसमोर बसलो, जुना मारामारीचा गेम लावला, ही जिंकली आणि भिंती पिवळ्या झाल्या. तेव्हापासून घरात काहीही अडलं की तीन डावांची लढत होते. तिला आम्ही 'निकाल' म्हणतो. जिंकणाऱ्याचा शब्द चालतो, हरणाऱ्याने कुरकुर करायची नाही. सोफा, मांजर, सुट्टीत कुठे जायचं, माझी मिशी, सगळं असंच ठरलंय. भिंती अजून पिवळ्या आहेत, मांजर आहे, मिशी नाही, यावरून कोण जास्त वेळा जिंकतं ते कळावं.

आज ही कामावरून आली ती बढतीचं पत्र घेऊनच. शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ही इतकी वर्षं बाटल्यांतलं पाणी तपासते. आता एका दूरच्या गावी नवी प्रयोगशाळा निघते आहे, तिची मुख्य म्हणून हिला बोलावलंय. रात्रभराचा प्रवास आहे. जायचं तर बिऱ्हाड उचलून जायचं. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत तिने हे सांगितलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "निकाल लावू."

तिचा हात घडीवरच थांबला. "याचाही?"

"नियम म्हणजे नियम."

"बरं," ती म्हणाली आणि उरलेले टॉवेल घड्या न घालताच कपाटात ठेवले. दमली असावी.

मी लगेच सरावाला बसलो. माझा खेळाडू म्हणजे मिशीवाला पैलवान. त्याचा हुकमी डाव म्हणजे शत्रूला उचलून आपटणं. त्यासाठी डी-पॅडवर, म्हणजे डाव्या अंगठ्याखालच्या त्या अधिक-चिन्हाच्या कळीवर, अंगठा डावीकडून खाली आणि खालून उजवीकडे असा एका दमात फिरवावा लागतो. त्या कळीला आमच्या घरात फुली म्हणतात. आज अंगठा फिरवला, पण फुलीने खालचा कोपरा मानलाच नाही. पैलवान आपटायचं सोडून जागच्या जागी उड्या मारत राहिला, बेडकासारखा.

५ मार्च, गुरुवार

कंट्रोलर उघडला. मी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडाची मापं पाठवतात, मी माझ्या लॅबमध्ये त्यांचे दात घडवतो. केसाएवढी चूक चालत नाही असं काम आहे. त्यामुळे एक रबराचा तुकडा बदलणं म्हणजे हातचा मळ, असं मला वाटलं. फुलीखालचं रबर फाटलेलं होतं. ते चिकटवलं, सगळं परत बंद केलं, आणि एक स्क्रू उरला. आता खालचा कोपरा चालतो, पण डावी बाजू गेली.

हिने बघितलं. म्हणाली, "माझा घे तू. मी तुझा घेते."

मी स्पष्ट नकार दिला. एक तर तिची फुली तिच्या बारीक अंगठ्याने झिजलेली, माझा अंगठा तिथे म्हणजे लहान मुलाच्या खुर्चीत आजोबा. आणि उद्या जिंकलो तर जन्मभर ऐकावं लागेल की माझ्याच कंट्रोलरने जिंकलास.

"मग रविवारी?"

"नवा मिळाला की लगेच," मी म्हटलं.

८ मार्च, रविवार

जुन्या गेमच्या दुकानात गेलो. दुकानदाराला सगळे प्रोफेसर म्हणतात, कारण त्याला काहीही विचारा, तो अर्धा तास बोलतो आणि शेवटी उत्तर मिळत नाही. त्याच्या मते दुकानातली प्रत्येक वस्तू एक नंबर आहे.

पहिल्या कंट्रोलरला फुली नव्हतीच, गोल चकती होती. अंगठा त्यावरून घसरत राहिला. दुसऱ्याची इतकी कडक की पैलवानाच्या आधी मीच आडवा व्हायचो. तिसऱ्याच्या कडा टोकदार. मी डोळे मिटून प्रत्येकावर अंगठा फिरवत होतो, कारण कवळी बसते की नाही हेही मी डोळे मिटूनच बोटाने तपासतो. डोळे उघडले तेव्हा एक बाई आपल्या मुलीला हाताला धरून दुसऱ्या टोकाला घेऊन जात होती.

कडक फुलीवाला घेऊन आलो. प्रोफेसर म्हणाला, वापरून वापरून सैल होईल.

११ मार्च, बुधवार

फुली सैल झाली नाही. अंगठ्याला फोड आला.

आज डॉक्टरीणबाईंनी एका आजींना थेट माझ्याकडे पाठवलं. निवृत्त शिक्षिका आहेत, आवाज अजून वर्गातलाच. मी केलेली खालची कवळी त्यांना टोचते. मी बघितलं, हिरडीवर नीट बसलेली होती, माप तंतोतंत होतं. मी त्यांना सांगितलं जे गेली वीस वर्षं सगळ्यांना सांगतो: "नवीन आहे ना, सवय होईल."

"तुम्हाला झालीये का कधी?" आजींनी विचारलं.

मला दात आहेत हो, असं म्हणणार होतो, तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे गेलं. मी हात खिशात घातला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते माझ्या लॅबच्या दारावर लिहायला हरकत नाही.

संध्याकाळी मागवलेला दुसरा कंट्रोलर आला. खोका इतका सुंदर की उघडायला जीव होईना. आत फुली मऊ होती, पण नको त्या जागी, खाली कोपऱ्यात. तिथे पोचायला अंगठा असा वाकवावा लागतो की जणू मी कुणाला तरी वाकुल्या दाखवतोय.

१४ मार्च, शनिवार

हिने आज पुन्हा विचारलं, "उद्या लावायचा निकाल?"

मी वाकडा अंगठा दाखवला. ती म्हणाली, "एकतीस तारखेपर्यंत कळवायचंय ऑफिसला."

मी म्हटलं, म्हणजे भरपूर वेळ आहे.

जेवताना तिने काहीतरी विचित्रच सांगितलं. त्या गावात म्हणे दातांचे चार-पाच डॉक्टर आहेत, पण कवळ्यांची लॅब एकही नाही. सगळं बाहेरून मागवतात, लोकांना आठवडे-आठवडे थांबावं लागतं. तिने फोन करून चौकशी केली होती. मग म्हणाली, तिथे ऑफिसकडून मिळणाऱ्या घराला मागच्या बाजूला एक खोली आहे, उत्तरेचा उजेड येतो, बारीक कामाला चांगला.

ती हे मला कशाला सांगत होती कळलं नाही. लढतीआधी समोरच्याचं लक्ष विचलित करायचं, हा तिचा जुना डाव आहे. मी भीक घातली नाही. मी आमटी वाढून घेतली आणि फुलीच्या स्प्रिंगबद्दल बोललो.

१७ मार्च, मंगळवार

आज लॅबमध्ये प्लास्टर कालवताना डोक्यात उजेड पडला. जगभरची दुकानं मी धुंडाळतोय ती कशाला? मी स्वतः माप घेऊन माणसाच्या तोंडात बसेल अशी वस्तू बनवणारा माणूस. माझ्या अंगठ्याला बसेल अशी फुली मी नाही बनवायची तर कोणी?

ताबडतोब ठशाच्या मसाल्यात अंगठा दाबला. आदर्श ठसा आला, एकेक रेष दिसत होती. त्यावरून मेणाची फुली घडवत होतो तेवढ्यात डॉक्टरीणबाई एक काम द्यायला आल्या. टेबलावरचा साचा उचलून बराच वेळ बघत राहिल्या.

"हा कोणाचा जबडा?"

"माझा," मी म्हटलं. "म्हणजे अंगठा."

"आजींची कवळी झाली का बघून?"

मी म्हटलं, ती उद्या.

१९ मार्च, गुरुवार

फुली तयार. कवळीच्याच ॲक्रिलिकची केली, त्यामुळे रंग हिरडीचा आला, गुलाबी. घासून, पॉलिश करून जुन्या कंट्रोलरमध्ये बसवली. अंगठा ठेवला. काय सांगू? अंगठ्याचा प्रत्येक उंचवटा आपापल्या खळग्यात जाऊन बसला. इतकं सुख मला खुर्चीत, गादीत, कशातच मिळालेलं नाही. संध्याकाळभर टीव्ही न लावता नुसता कंट्रोलर हातात धरून बसलो होतो.

२० मार्च, शुक्रवार

आज टीव्ही लावला. माशी कुठे शिंकली ते सांगतो. माप इतकं तंतोतंत घेतलं होतं की अंगठा एकदा बसला की हलेना. डावीकडे जायचं तर खळग्याची भिंत, उजवीकडे जायचं तर भिंत. बसायला उत्तम, पण हलायची सोयच नाही. मी घामाघूम झालो आणि पैलवान मख्खासारखा उभा.

ही मागे येऊन उभी होती. "ही गुलाबी काय आहे?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. मसाला, मेण, ठसा. ती हसायला लागली. सोफ्यावर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पत्र आल्यापासून ती अशी हसली नव्हती, म्हणून मलाही जरा बरं वाटलं आणि मीही हसलो. मग ती उठून बाल्कनीत गेली. बराच वेळ पाठमोरी उभी होती, खांदे हलत होते. अजून हसतेय, असं म्हणून मी टीव्ही बंद केला आणि झोपलो.

२३ मार्च, सोमवार

मिळाला.

प्रोफेसरच्या दुकानात दाराजवळ भंगाराची टोपली असते. तिच्यात वायरींच्या गुंत्याखाली होता. राखाडी, कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेला, फुलीचा मधला भाग किंचित खोल झालेला. अंगठा ठेवला आणि तो आपणहून फिरला, डावीकडून खाली, खालून उजवीकडे. प्रोफेसर बोलायला लागला, मी ऐकलं नाही. ज्याचा कुणाचा हा असेल त्याचा अंगठा आणि माझा अंगठा मागल्या जन्मीचे भाऊ असणार.

लॅबमध्ये एक जुना टीव्ही आहे, तिथे लावून बघितला. पैलवान एकामागून एक आपटत सुटला.

घरी नेला नाही. नव्या वस्तूवर हात बसायला थोडा वेळ जातो. कवळीच्या कामातही आम्ही लगेच अंतिम पॉलिश करत नाही.

२६ मार्च, गुरुवार

हात बसला. पण आणखी बसलेला बरा.

आजी पुन्हा आल्या. मी दिवा लावून तोंडात बघायला लागलो, त्या बोलत होत्या, मी बघत होतो. शेवटी त्यांनी कवळी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि बोळक्याने म्हणाल्या, "तुम्ही दातांकडे बघताय. मी काय सांगते ते ऐकत नाही."

मी दिवा बंद केला.

"तोंड मिटलेलं असलं की छान बसते," त्या म्हणाल्या. "बोलायला लागले की टोचते. मग मी बोलणंच सोडलंय. घरच्यांना वाटतं आजी शांत झाली, सगळं बरं आहे."

मी प्रत्येक वेळी त्यांचं तोंड स्थिर धरून माप बघितलं होतं. बोलताना जीभ कुठे जाते ते कधी बघितलंच नाही. आज त्यांना मोठ्याने धडा वाचायला लावला, एका जागी खूण केली आणि तिथली कड घासली. दहा मिनिटांचं काम. जाताना त्या जिना उतरेपर्यंत बोलत होत्या. इतक्या वर्षांत एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही, याची मला लाज वाटली. धंद्यातली चूक ती, बाकी काही नाही.

२८ मार्च, शनिवार

हिने विचारलं, "मिळाला का रे कंट्रोलर?"

मी म्हटलं, "नाही अजून."

हे लिहिताना अक्षर वाकडं येतंय. एकोणीस वर्षांत मी तिला खोटं सांगितलेलं नाही. बेसनाचा डबा कुणी सांडला, हे एक सोडून. मग आज का सांगितलं? सांगायचं नव्हतं, तोंडातून गेलं. हरेन म्हणून घाबरतोय असं म्हणावं, तर लॅबमध्ये मी हरतच नाही. उलट जिंकलो तर काय, हा विचार मनात आला की मी कंट्रोलर खाली ठेवतो. हरलो तर काय, हा आला तरी ठेवतो. नाचता येईना अंगण वाकडं, इतके दिवस मी अंगणाला शिव्या घातल्या. आता अंगण सरळ आहे आणि माझे पाय उचलत नाहीत.

ती फक्त "बरं" म्हणाली. अलीकडे ती बऱ्याच वेळा बरं म्हणते.

३१ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी राखाडी कंट्रोलर घरी नेला. शेवटचा दिवस तोंडावर आलेला, आणखी वेळ मारून नेणं शक्य नव्हतं. हिने तो बघितला. कुठून आला, कधी आला, काही विचारलं नाही. हात पुसले आणि सोफ्यावर तिच्या नेहमीच्या बाजूला बसली. तिने तिची नेहमीची खेळाडू, काठीवाली, घेतली, मी पैलवान.

पहिला डाव तिचा. काठीवालीने मला जवळही येऊ दिलं नाही. दुसरा माझा. फुली लोण्यासारखी फिरत होती. तिसऱ्या डावात ती पुढे होती. माझा पैलवान एका फटक्यावर आलेला. मी वाट बघत होतो त्या फटक्याची. तो आलाच नाही. काठीवाली नुसती उभी.

बघतो तर हिने कंट्रोलर मांडीवर ठेवलेला, हात त्याच्यावर, नुसते.

"काय झालं?"

"काही नाही. मार."

"खेळ ना."

"मी खेळले तर जिंकेन," ती म्हणाली. "मग तू येशील. नियम म्हणून, खाली मान घालून. आणि तिथे रोज सकाळी मला हरलेल्या माणसाचं तोंड बघावं लागेल. ते नको मला. तू मार."

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मी मारलं. माझं मन भरून आलं, हात थांबला, वगैरे काही झालं नाही. अंगठा फिरला आणि पैलवानाने काठीवालीला उचलून आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. काठीवाली साधी वाकलीसुद्धा नाही. शेवटी पैलवान मिशीला पीळ देत नाचला, आणि ते नाचणं संपेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो.

"बोल," ती म्हणाली. "काय ठरलं?"

दर निकालानंतर माझं वाक्य तयार असतं. काल तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. 'नाही जायचं' एवढंच तर म्हणायचं होतं. नाही जायचं ते का, हे महिनाभरात मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मी फुलीच्या मागे होतो.

"मला तिथे कोणी ओळखत नाही," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण चोरट्यासारखा. "इथे डॉक्टरीणबाई आहेत, लॅब आहे, कुठे कोणाची कवळी अडकली की लोक माझं नाव घेतात. तिथे तुझ्या दारावर पाटी असेल. मी त्या मागच्या खोलीत बसेन आणि कोणी आलंच नाही तर? मला भीती वाटते."

मला वाटलं आता चिडणार. चिडली, पण वेगळ्याच गोष्टीवर.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "हाताखाली माणसं असणार. मी आजवर कुणाला साधं रागावलेले नाहीये. पाण्याच्या एका चुकीच्या आकड्याने गाव आजारी पडतं, आणि त्या आकड्याखाली सही माझी. झोप लागत नाही मला. महिनाभर मी तुझ्या अंगठ्याची चौकशी करतेय. फोड बसला का, वाकतो का, कंट्रोलर मिळाला का. माझी कोणी केली?"

मी तिचा हात धरला. ती बोलायला लागली आणि मी गप्प बसून ऐकलं. तिथल्या विहिरी, तिथला साहेब, नोकरी घेतली तर काय, नाही घेतली तर पुढची वीस वर्षं त्याच बाटल्या. तिला जायचं होतं. भीतीसकट जायचं होतं. हे तिने पत्र आणलं त्या दिवशी तिच्या तोंडावर लिहिलेलं असणार, आणि मी टॉवेल बघत होतो.

तिचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "निकाल सांगायचा राहिलाय. जाऊ या."

"माझं ऐकून वाईट वाटलं म्हणून?"

"मी जिंकलोय," मी म्हटलं. "माझा शब्द चालतो. हरणाऱ्याने कुरकुर करायची नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, कितीतरी दिवसांनी. "आणि तिथे खोलीत कोणी आलं नाही तर?"

"तर तुला सांगेन. लगेच सांगेन, महिन्याने नाही."

भीती गेलेली नाही. आज सकाळी उठलो तेव्हा ती माझ्याआधी उठून बसलेली होती. पण तिच्याबद्दल आता घरात दोघांना माहीत आहे, त्यामुळे चहा नीट गेला. चहानंतर हिने ऑफिसला होकाराचं पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दोनदा वाचून दाखवलं. मी एका शब्दाची सुधारणा सुचवली. तिने ती मानली नाही.